काचेसारखी स्वच्छ अंडी

थेल्मा पेल्कीचं खुब्याचं हाड मोडलं ते डबक्याच्या वाटेवर, आणि त्या वाटेवर राख टाकायची नाही हा हुकूमही थेल्माचाच. मार्च महिना संपेपर्यंत तिचा नवरा एल्डन या दोन गोष्टी मनात शेजारी शेजारी मांडून बघत होता आणि दर वेळी त्याचं डोकं तापत होतं.

व्हर्मांटच्या त्या डोंगराळ भागात मार्चमध्ये शेगडीतली राख अंगणात टाकत नाही असं घर सापडायचं नाही. दिवसा बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी दारापुढे आरसा पसरलेला असतो. त्यावर लाकडाची राख भुरभुरली की पाय धरतो. पेल्कींच्या घरीही गाडीपर्यंत राख, लाकडांच्या ढिगापर्यंत राख, टपालपेटीपर्यंत राख. फक्त मागच्या दारापासून डबक्यापर्यंतची वाट थेल्माने सोवळ्यात ठेवली होती.

"राख नाही, मीठ तर नाहीच नाही," ती दर हिवाळ्यात बजावायची. "वाटेवर पडतं ते पाण्यात उतरतं."

एकतीस वर्षं गावाच्या नोकरीत बर्फ लोटण्याची गाडी चालवून, रस्त्यारस्त्यावर टनावारी मीठ फेकलेल्या माणसाला स्वतःच्या अंगणात चिमूटभर टाकायची चोरी होती. एल्डन कुरकुरायचा, पण ऐकायचा. थेल्माशी वाद घालण्यापेक्षा बर्फ लोटणं सोपं, हे त्याला लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यातच कळलं होतं.

डबकं म्हणजे तरी काय, घराची दोन दारं शेजारी शेजारी आडवी ठेवावीत एवढा खड्डा. थेल्मा शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली त्या वर्षी तिने तो स्वतः खणला, तळाला काळं रबर अंथरलं, वर माती आणि झाडांची कुजकी पानं टाकली, पाण्यात सुकलेल्या फांद्या खोचल्या. एल्डनला वाटलं होतं, आता त्यात चार सोनेरी मासे येतील, संध्याकाळी खुर्ची टाकून बघत बसता येईल. पण मासे आणायचे नाहीत असं ठरलं, कारण मासे अंडी खातात. कुणाची अंडी, तर सॅलमँडरची. काळे कुळकुळीत, ओलेते, वीतभर लांब, पाठीवर पिवळे ठिपके. पाल म्हटलेलं थेल्माला खपत नसे. हे पालीच्या नात्यातलं नाही, बेडकाच्या भावकीतलं आहे, असं ती कुणालाही थांबवून सांगायची. वर्षभर हा प्राणी जंगलात जमिनीखाली दडून असतो आणि वसंताच्या पहिल्या कोमट पावसात पाण्याकडे चालत येतो, अंडी घालतो आणि परत जातो. आपलं जंगल तर कुंपणाला लागून आहे, मग आपल्याकडे का येणार नाही, असा तिचा सरळ हिशोब होता.

चार वर्षं एकही आला नाही.

शेजारचा गस थिबो मेपलचा पाक करायचा आणि लोकांची टर उडवायचा, दोन्ही धंदे सारख्याच निगुतीने. दर एप्रिलला कुंपणावरून हाक यायची, "काय थेल्मा, पाहुणे उतरले का? की पत्ता चुकलाय?"

"तुझं तोंड बघून परत गेले असतील, गस," थेल्मा म्हणायची. हसायची, पण संध्याकाळी एकटी जाऊन डबक्यात वाकून बघायची, ते एल्डनला खिडकीतून दिसायचं. तो स्वतः कधी गेला नाही. जेवताना ती त्या प्राण्यांबद्दल बरंच काही सांगत असे, आणि तो बटाटे कुस्करत "हं" म्हणत असे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय ते बघायचं असेल तर त्या टेबलाशी बसावं.

पाचव्या वर्षी, मार्चच्या मध्यावर, बर्फ कडेने सुटला का ते बघायला थेल्मा सकाळी बाहेर पडली आणि तिसऱ्या पावलाला कोसळली. एल्डनने ते खिडकीतून पाहिलं. हातातला कप कुठे ठेवला ते त्याला नंतरही आठवलं नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. मग तिला तीस मैलांवरच्या एका आरोग्यगृहात हलवलं, दोन महिन्यांसाठी. तिथे रोज चालण्याचा व्यायाम होता आणि थेल्मा तो करत नव्हती. दुखतं म्हणायची, उद्या बघू म्हणायची. शंभर पोरांना ओरडून रांगेत उभी करणारी बाई खिडकीशी गप्प बसून असायची. एल्डन रविवारी जाऊन यायचा आणि परतताना गाडीत स्वतःशीच शिव्या द्यायचा. त्या वयात जे एकदा बसतं ते पुन्हा उठत नाही, हे त्याने आपल्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं.

अशाच एका रविवारी घरी येऊन त्याने शेगडी रिकामी केली, दोन बादल्या राख भरली आणि मागच्या दारापासून थेट डबक्याच्या काठापर्यंत फेकली. नुसती फेकली नाही, राग काढला. सोवळं गेलं चुलीत, आता ही घरी येईल तेव्हा या वाटेवर पाय घसरता कामा नये.

आणि पुढच्या आठवड्यात तो कोमट पाऊस आला. रात्रभर पन्हळी वाहत होती. सकाळी वाट धुऊन काळीभोर झालेली आणि राख काठाकाठाने पाण्यात उतरलेली, करडी साय धरल्यासारखी. एल्डन ते बघायला म्हणून वाकला आणि तसाच राहिला. पाण्यात खोचलेल्या फांद्यांना गोळे लागले होते. मुठीएवढे, पारदर्शक, भिजवलेल्या सब्जासारखे, प्रत्येक दाण्यात मधोमध एक काळा ठिपका. त्याने मोजले. सात होते.

त्याने धावत जाऊन फोन लावला. धावत म्हणजे एकाहत्तराव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं.

"थेल्मा, बसली आहेस का?"

"उभं राहता आलं असतं तर इथे कशाला असते, मेल्या?"

"तुझ्या डबक्यात काहीतरी आलंय. जेलीचे गोळे. आत काळे ठिपके."

पलीकडून हळूच, "हातात घेऊन बघ. घट्ट आहे की बोटांतून ओघळतंय?"

तो पुन्हा गेला, पुन्हा आला, बाही कोपरापर्यंत भिजलेली. "घट्ट आहे. वरून आणखी एक जाड थर आहे जेलीचा."

"बेडकाची नाहीत," थेल्मा म्हणाली. "एल्डन, बेडकाची नाहीत ती." आणि ती रडायला लागली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती आणि ती आनंदाने रडलेली त्याने फारतर तीनदा पाहिली होती.

त्या दिवशी ती वॉकर धरून दालनाच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी दोनदा गेली. रोज दुपारी चारला तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "कशी आहेत?"

"काचेसारखी स्वच्छ," एल्डन सांगायचा, कारण ती खरोखरच तशी होती. राखेबद्दल तो बोलला नाही. बोलायचं काय? अंडी छान होती, बायको चालत होती. सुखाचा जीव दुःखात घालायची त्याला हौस नव्हती.

पंधरा दिवसांनी गस उसनी नेलेली शिडी परत करायला आला. आल्यासरशी डबक्यापर्यंत गेला, खिशात हात घालून काठ न्याहाळला.

"राख टाकलीस?" त्याने विचारलं.

"टाकली. का?"

"काही नाही. माझी आजी राखेच्या पाण्यात चरबी कढवून साबण करायची. हातांची सालं निघायची तिच्या." गस हसला. "थेल्माला सांग, पाहुणे आले आणि आंघोळ करून गेले."

गसला वाटलं आपण गंमत केली. एल्डनच्या तोंडचं पाणी पळालं. राखेचा खार निघतो हे त्यालाही ठाऊक होतं, प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक असतं. पण ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक आहे. त्या रात्री तो कुशी बदलत राहिला.

आणि बरोबर तिसऱ्या दिवशी, सोमवारी, गोळे हिरवे दिसले.

आधी त्याला वाटलं उजेडाचा खेळ असेल. मंगळवारी उजेड बदलला, रंग बदलला नाही. सातही गोळे हिरवे. जुन्या पावावर बुरशी येते तसा, शेवाळलेला, आतून आलेला हिरवा. जवळून बघायचं त्याला धाडस झालं नाही. सडली. आपण सडवली. पाच वर्षं वाट बघितलेली तिची अंडी, दोन बादल्या राखेने.

चार वाजता फोन वाजला. "कशी आहेत?"

एल्डनने भिंतीकडे बघितलं. तिकडे ती आता जिन्याच्या तीन पायऱ्या चढते असं कालच म्हणाली होती. "काचेसारखी स्वच्छ," तो म्हणाला.

"छान," थेल्मा म्हणाली.

पहिलं खोटं जड गेलं, दुसरं कमी, तिसऱ्याला तर त्याने वर तिखटमीठ लावलं. इतकी स्वच्छ आहेत थेल्मा, की पलीकडची फांदी दिसते. फोन ठेवला की मात्र तो कामाला लागायचा. पाणी बदलायचं तर विहिरीचं चालणार नाही, ते फार थंड आणि लोहाचं. मग खार फिका करायला बर्फ आणायचा. रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यांत त्याने हात घातला नाही, त्या बर्फात मीठ किती असतं ते त्याच्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं. तो कुंपणापलीकडे जंगलात जायचा, घनदाट झाडांखाली एप्रिल संपला तरी बर्फ टिकून असतो तिथे, आणि पोरांच्या जुन्या घसरगाडीवर दोन टोपल्या भरून ओढत आणायचा. दिवसाला चार फेऱ्या. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतायचा. बर्फ काठावर ठेवायचा, तो विरघळून सावकाश पाण्यात उतरायचा. गोळे आणखी हिरवे व्हायचे.

दरम्यान फोनवर काहीतरी बिनसत चाललं होतं. एल्डन "स्वच्छ आहेत" म्हणायचा आणि पलीकडून "छान" यायचं, मग "अजून तशीच?" यायला लागलं, मग नुसतं "बरं". त्या रविवारी तो गेलाच नाही. रस्ता चिखलाने बसलाय म्हणाला. एकतीस वर्षं त्याच चिखलाच्या रस्त्यांवर गाडी चालवलेल्या माणसाने हे कारण द्यावं, आणि तेही थेल्माला, म्हणजे कमाल होती. ती "बरं" म्हणाली. त्याला वाटलं, सुटलो.

बुधवारी सकाळी आरोग्यगृहातून व्यायाम घेणाऱ्या मुलीचा फोन आला. कायला नाव तिचं.

"मिस्टर पेल्की, घरी सगळं ठीक आहे ना? त्यांनी चालणं सोडलंय. आज चौथा दिवस. जेवतही नाहीत धड. इतकं छान चाललं होतं, आणि आता विचारलं की म्हणतात, कशासाठी?"

चोराच्या मनात चांदणं. तिला कळलंय, एल्डनला वाटलं. आवाजावरून कळलं असेल. सेहेचाळीस वर्षांत या बाईपुढे त्याचं एक खोटं कधी टिकलं नव्हतं. आता फोनवर कबूल करायचं? त्याने दोनदा रिसीव्हर उचलला आणि ठेवला. तोंडाने सांगणं जमणार नव्हतं. मग डोळ्यांनी बघू दे, आणि काय म्हणायचं ते समोरासमोर म्हणू दे.

त्याने लोणच्याची मोठी बरणी घासून विसळली, डबक्यातलं पाणी भरलं आणि एक गोळा फांदीच्या तुकड्यासकट तोडून आत सोडला. मेलेल्याला आणखी काय होणार, असं म्हणाला, पण बरणी तरीही बर्फाच्या बादलीत बसवली. बादलीला गाडीत पट्टा बांधला. तीस मैल तो अशा बेताने चालवत गेला की मागे सात गाड्यांची रांग लागली.

थेल्मा खिडकीशी होती. समोरच्या ताटात चीज घातलेली मॅकरोनी थंड होऊन घट्ट झाली होती. तिने त्याच्याकडे बघितलं, मग बादलीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"आज बुधवार आहे," ती म्हणाली.

"आधी माझं ऐक," एल्डन म्हणाला. टोपी त्याने हातात घेतली होती आणि ती गोल गोल फिरत होती. "मी वाटेवर राख टाकली. दोन बादल्या. तू नको म्हणाली होतीस तरी. मग तो पाऊस आला आणि सगळी पाण्यात गेली आणि खार झाला आणि अंडी सडली. सगळी. सातही गोळे. मी रोज तुला खोटं सांगत होतो. बर्फ आणून ओतला, काही उपयोग झाला नाही. बस, एवढंच."

त्याने बरणी काढून तिच्यापुढे ठेवली आणि खिडकीबाहेर उभ्या गाड्यांकडे बघायला लागला. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

मागे चष्म्याची घडी उघडल्याचा आवाज आला.

"एल्डन, हे असं कधीपासून?"

"गेल्याच्या गेल्या सोमवारपासून."

"आणि तू मला रोज सांगत होतास, स्वच्छ आहेत."

"हो."

"काचेसारखी."

"हो, थेल्मा."

"पलीकडची फांदी दिसते म्हणालास."

"म्हणालो."

पाठीत काहीतरी बसलं. वळून बघतो तर थेल्माच्या हातात गुंडाळलेलं मासिक, आणि ती दुसरा फटका मारायच्या बेतात. तिचे डोळे वाहत होते.

"गाढवा! हिरवी व्हायलाच हवीत ती. हिरवी होणं म्हणजेच चांगलं."

एल्डनला शब्द कळले होते, अर्थ अजून वाटेत होता.

"शेवाळ आहे ते. या अंड्यांच्या आत राहणारं खास शेवाळ. ते पिल्लाला श्वास पुरवतं आणि पिल्लाच्या घाणीवर स्वतः जगतं. दोघांचं घर एकच. हे मी तुला चार वर्षं सांगतेय!"

"कधी?"

"जेवताना!"

एल्डनला कुस्करलेले बटाटे आठवले. बटाट्यांची बाजू कशी घेणार.

थेल्माने नाक पुसलं. "तू रोज स्वच्छ म्हणालास की मी दिवस मोजायची. पंधरा दिवस झाले, अठरा झाले, वीस झाले, आणि हा माणूस सांगतोय काचेसारखी. मला वाटलं, झालं. नवं डबकं, रबराचा तळ, शेवाळ धरलंच नाही. गुदमरणार सगळी आतल्या आत. पाच वर्षांनी आली आणि मी त्यांना असल्या पाण्यात आणून मारलं. आणि मग तू चिखलाचं कारण देऊन आला नाहीस. तू, चिखलाला घाबरून! मी म्हटलं, मेली. याने बघितलंय, आणि मला सांगवत नाहीये."

"मग विचारलं का नाहीस, अगं?"

"काय विचारू? तू इतका खुशीत सांगायचास! मला वाटलं, हा म्हातारा जन्मात पहिल्यांदा माझ्या डबक्यात रमलाय. त्याला स्वच्छ पाहून आनंद होतोय तर होऊ दे, कशाला त्याचा विरस करा." ती बोलता बोलता थांबली आणि बरणीवर झुकली. "इकडे ये. चष्मा लाव. लाव आधी. हा बघ, कडेचा."

एल्डन वाकला. हिरव्या दाण्याच्या आत आता ठिपका नव्हता. स्वल्पविरामासारखा बाक आलेला, डोकं आणि शेपूट असलेला, नखाच्या कोरीएवढा एक जीव होता. तो बघत असतानाच त्या जिवाने अंग झटकलं आणि दुसऱ्या कुशीला वळला.

एल्डन पलंगाच्या काठावर बसला, टोपी तोंडावर धरली आणि रडला. लाजला नाही, थांबला नाही. जीव भांड्यात पडला म्हणतात, त्यातलाच प्रकार, फक्त या भांड्यात आधीच शंभरेक जीव होते. दहा दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून खिडकीबाहेर टाकला होता. थेल्माने त्याचा एक बूट आपल्या सपातीने दाबून धरला आणि त्याला रडू दिलं.

कायला दारात डोकावली. एक हसतेय, एक रडतोय, ताटाशेजारी लोणच्याच्या बरणीत काहीतरी हिरवं बुळबुळीत.

"सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम," थेल्मा म्हणाली. "वॉकर दे इकडे. आणि ही बरणी तू धर, याचे डोळे अजून वाहतायत. जेवणघरात मिल्ड्रेड बसली असेल, तिला दाखवायचंय. तीन आठवडे मला म्हणतेय, सरडे कसले पाळतेस."

ती दालनाच्या टोकापर्यंत गेली, जेवणघरात प्रत्येक टेबलाशी थांबली, प्रत्येकाला हे पालीच्या नात्यातलं नाही असं सांगितलं आणि परत आली. परत येऊन थंड मॅकरोनी अर्धी खाल्ली. एल्डन तिच्यासमोर बसून होता. आता सगळं निवळलं होतं, तरी एक राहिलं होतं, आणि ते ती विसरणार नाही हे त्याला माहीत होतं.

"दोन बादल्या," थेल्मा म्हणाली.

"हो."

"काठापर्यंत?"

"काठापर्यंत."

"नशीब म्हण, पाऊस मोठा होता. डबकं भरून खालच्या अंगाने वाहिलं असेल, बरीचशी गेली असेल. आणि तू बर्फ ओतलास ते बरंच झालं. पण मेली नाहीत, म्हणून चालतं असं नाही, एल्डन. पुढच्या वेळी मरतील. मी नको म्हणाले होते."

"म्हणाली होतीस," एल्डन म्हणाला. त्याला वाद घालायचा नव्हता, पण आवाज चढलाच. "आणि मी ऐकलं होतं. ऐकलं म्हणून वाटेवर राख टाकली नाही, आणि तू माझ्या डोळ्यांदेखत पडलीस. मी खिडकीत होतो. तू उठायला बघत होतीस आणि तुझा पाय उलटा पडला होता. तुझी अंडी जगावीत असं मलाही वाटतं, थेल्मा, शप्पथ वाटतं. पण त्या वाटेवर तू पुन्हा एकटी जाणार असशील तर मी पुन्हा राख टाकेन. वाटलं तर त्या मासिकाने आणखी चार फटके मार."

थेल्माने काटा खाली ठेवला. या माणसाने एका दमात इतकं बोलायला सेहेचाळीस वर्षं घेतली होती.

"टाक," शेवटी ती म्हणाली. "पण वाटेतल्या सफरचंदाच्या झाडापर्यंत टाक. पुढे एक कणही नाही."

"आणि पुढे?"

"पुढे तू ये. तुझा हात धरून जाईन. दहा पावलं तर आहेत."

"बारा आहेत," एल्डन म्हणाला. "मी रोज चार फेऱ्या मारल्यात."

"मग बारा," थेल्मा म्हणाली, आणि बरणी त्याच्याकडे सरकवली. "ऊठ आता. पाणी कोमट होतंय."